अडीच टनी जीएमसीचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

रणगाड्याचं मॉडेल थोडं वाकडं झालं तरी खपतं, पट्ट्यांखाली बरंच झाकलं जातं. ट्रकचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा लष्करी ट्रक घ्या. तीन ॲक्सल, दहा चाकं, आणि दहाही जमिनीला टेकलीच पाहिजेत. नेमकं तिथेच घोडं अडतं.

ओळखीतल्या एका मुलाने हाच ट्रक १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, बनवून आणला. रंग झकास, इंजिनाला बारीक वायरिंगसुद्धा केलेलं. टेबलावर ठेवला आणि पुढचं डावं चाक हवेत. खोक्यातून काढल्या काढल्या चासी हातात धरून चिकटवलेली. गोंद ओला असतानाच स्प्रिंगचे पाटे बसवले, त्यात चासीच्या दोन लांब पट्ट्या किंचित पिळल्या गेल्या. ते दिसायला लागलं रंग झाल्यावर. मग चाक खाली आणायला त्याने ॲक्सल दाबला आणि पाटा मोडला. शेवटी लाकडी फळीवर चिखल थापून चाकं त्यात रुतवली. प्रदर्शनात चिखलातला ट्रक दिसला की मी आधी त्याची चाकं बघतो, ते यामुळेच.

माझ्याकडे जाड काचेचा एक तुकडा आहे. चासी त्यावरच जोडायची, कोपरे छोट्या गुण्याने तपासायचे, वर वजन ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ॲक्सल लावायचे, चाकं न चिकटवता नुसती अडकवायची आणि प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची. जिथे पट्टी सहज निघते ते चाक वर आहे. पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) पूर्ण वाळायच्या आत अजून सुधारता येतं. "एका वीकेंडमध्ये ट्रक" असले व्हिडिओ बघणाऱ्यांना ही रात्र फार जड जाते. त्यांनी विमानं करावीत, त्यांना तीनच चाकं असतात.

दुसरा माझा राग मॉडेलवर रंगवलेल्या गंजावर आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ मध्ये रेड बॉल एक्स्प्रेसचे, म्हणजे अमेरिकी सैन्याला रसद पोचवणाऱ्या ताफ्याचे, ट्रक फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून आघाडीकडे रात्रंदिवस धावत होते. पोचे, फाटके टायर, बोटभर धूळ, सगळं मान्य. पण बॉनेट गंजून चाळण व्हायला तेवढी वर्षं तरी जायला हवीत ना! त्याहून वाईट म्हणजे हौद्यावर चंदेरी रंगाचे ओरखडे. पोलाद वाचवण्यासाठी १९४२ पासून बऱ्याच ट्रकांचे हौदे लाकडी केले होते. तिथला ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी हिरवट रंग, खरवडला तर खालून लाकूड दिसेल, धातू कुठून येणार? तुमच्या किटमधला हौदा कोणता ते आधी बघा. फळ्यांचा असेल तर ओरखडे करड्या-पिवळट रंगाने काढा, तेही फाळक्याच्या वरच्या कडेला आणि सामान घासतं तिथेच. समोर त्या काळातला फोटो ठेवा, दुसऱ्याचं मॉडेल नको.

बाकीचं थोडक्यात. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून ते पिळून तोडू नका, निपर (छोटी कापणी पक्कड) घ्या. पुढच्या काचेला सुपरग्लू लावला तर ती धुरकटते, तिथे पांढरा गोंद बरा. सीट आणि स्टीअरिंग टप बसवण्याआधी रंगवा, नंतर ब्रश आत जात नाही. मॅट रंगावर थेट डिकल (खुणा-आकड्यांचं पाण्याने चिकटवायचं चित्र) लावलं की खाली हवा अडकून चकाकतं, आधी ग्लॉसचा हात द्या. आरसे आणि हेडलाइटच्या जाळ्या सगळ्यात शेवटी, नाहीतर दोनदा चिकटवाल.

आणि मुंबई-कोकणातल्यांनो, जुलैत भर पावसात मॅट वार्निश फवारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरी साय धरते आणि ती पुसून जात नाही. ट्रक झाकून ठेवा, उघडीप मिळाली की दुपारी फवारा.