अळी कोणाची? पाय मोजून ओळखा

भुंगेरे, पतंग, माश्या, मधमाश्या या सगळ्यांना अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. गोंधळ होतो तो अळीपाशी. बीटी कुर्सटाकी हे जिवाणूजन्य कीटकनाशक पतंगवर्गीय अळ्या मारते, पण हुमणीवर, म्हणजे मातीतल्या भुंगेऱ्याच्या अळीवर, चालत नाही. तिथे मेटारायझियम ही बुरशी लागते. म्हणून फवारणीआधी कूळ ओळखा.

अळी पांढऱ्या बशीत उलटी करा आणि १० पट भिंगातून पाहा.

डोके कडक, छातीला पायांच्या ३ जोड्या आणि पोट बिनपायाचे असेल तर बहुधा भुंगेऱ्याची अळी. हुमणी अशीच, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. पोटालाही मांसल पाय असतील तर ते नीट मोजा, घाई इथेच नडते. पतंगाच्या अळीला ते २ ते ५ जोड्या असतात आणि तळव्यांना बारीक आकडे असतात. ६ किंवा जास्त जोड्या आणि आकडे नाहीत, तर ती सॉफ्लायची, म्हणजे मधमाशीच्या गणातली. मोहरी-मुळ्यावरची काळपट अळी ती हीच. तिला ८ जोड्या असतात. दिसते पतंगाच्या अळीसारखी, पण बीटीला दाद देत नाही.

पायच नसतील तर डोके पाहा. पुढचे टोक निमुळते आणि डोके दिसत नसेल तर माशीची. तपकिरी, कडक डोके असेल तर सोंड्या भुंग्याची असू शकते. नारळाच्या खोडातली अळी अशीच असते.

मावा खाणाऱ्या क्रायसोपाची (जाळीदार पंखांचा कीटक) आणि ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेरा) अळी ओळखताना हमखास चूक होते. क्रायसोपाचे जबडे विळ्यासारखे लांब, पुढे आलेले असतात. दोन्ही मित्रकीटक, मारू नका. क्रायसोपाचा गण तसा भुंगेऱ्यांच्या जवळच्या नात्यातला. पतंग आणि माश्या वंशवृक्षाच्या दुसऱ्या फांदीवरचे, तर मधमाश्यांची फांदी या सगळ्यांच्या आधी फुटलेली.

शेणखतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. सपाट फरशीवर सोडा. पाठीवर पडून सरकत गेली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजका पाला खाणारी. ती खताच्या खड्ड्यातच राहू द्या.

तज्ज्ञाला नमुना द्यायचा असेल तर अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, काळी पडते. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात मिनिटभर ठेवा, मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला: पीक, गाव, तारीख. शाई विरघळते.