हातात ड्रोन धरताना बोटं कशी वाचवायची

माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या जरा वर, एक आडवा पांढरा व्रण आहे. तो अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसाचा. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, माहेरपणाला आलेल्या बहिणी-भाच्या गाणी म्हणत झोके घेत होत्या आणि मी वरून शूटिंग करत होतो. खाली पावलागणिक फुफाटा उडत होता, म्हणून ड्रोन हातातच उतरवायचं ठरवलं. उजव्या हातात रिमोट, डावा हात वर. तळहात पोटाखाली गेला तसा ड्रोन वीतभर वर सरकला. मी टाचा उंचावून हात त्याच्यामागे नेला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, माझी मान वळली आणि बोट पात्यात गेलं.

"काय व्हयनं रे भाऊ?" म्हणत काकू धावत आली, तेव्हा ड्रोन माझ्या पायाशी आडवा पडून घरघरत होता, तीन पाती अजून फिरत होती आणि त्याच्याकडे बघायला पोरं गोळा होत होती. मला तीन टाके पडले. त्या पोरांपैकी एखाद्याने वाकून तो उचलला असता तर काय झालं असतं, याचा विचार टाक्यांपेक्षा जास्त दिवस टोचत राहिला.

लग्नाचं शूटिंग आणि वादळानंतर केळीबागांची हवाई पाहणी, या दोन्ही कामांत मला आजही ड्रोन हातात धरावा लागतो. आता भाचाही सोबत येतो. त्याला रिमोट द्यायच्या आधी मी एकच गोष्ट समजावली, तीच इथे सांगतो. आपण ड्रोन धरला आहे, हे ड्रोनला कळत नाही.

त्याच्या पोटाखाली जमिनीचं अंतर मोजणारे सेन्सर असतात. हात खाली आला की त्याच्या हिशोबाने जमीन एकदम जवळ आलेली असते, म्हणून तो उंची राखायला वर सरकतो. बाजूला ओढलात तर जीपीएसवर धरलेली जागा सुटते आहे असं समजून तो उलट दिशेला जोर लावतो. तिरका केलात तर वाऱ्याने कलंडलो असं धरून खालच्या बाजूच्या मोटरी आणखी वेगाने फिरवतो. तुमची ओढाताण वाढली की पात्यांचा जोर वाढणार. पकड कितीही घट्ट असू द्या, मोटरी थांबेपर्यंत तो स्वतःला हवेतच समजत असतो.

पात्याच्या वेगाचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. माझ्या त्या पाऊण किलोच्या ड्रोनचं पातं टोकापासून टोकापर्यंत 21 सेंटिमीटर. एका फेरीत टोक साधारण 66 सेंटिमीटर जातं. मिनिटाला 5,500 फेऱ्या धरल्या तरी ते सेकंदाला 60 मीटर होतात, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. लहान ड्रोनची पाती आखूड असतात, पण ती आणखी जास्त फेऱ्या मारतात. 2021च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' म्हटलं आहे. त्या नावावरून हा काय करणार, असं समजू नका. बोटावर ओरखडा काढणारं तेच पातं डोळ्याला लागलं तर डोळा जाऊ शकतो.

मुळात जागा बरी असेल तर हातात धरूच नका. मी गाडीत चार बाय चारची ताडपत्री ठेवतो, चार कोपऱ्यांवर चार दगड, झालं काम. पण आपल्याकडे बरी जागा नेहमी मिळत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या भागात, आणि मोटरीत शिरते. कपाशीच्या वावरात पऱ्हाट्यांचे खुंट उभे असतात. केळीच्या दोन ओळींमध्ये पानं आडवी येतात. तापीच्या पात्रात वाळू. अशा ठिकाणी हात वापरायचा.

काही ड्रोनना मात्र कुठेच, कधीच हात लावायचा नाही. फवारणीचा ड्रोन त्यात पहिला. नमो ड्रोन दीदी योजनेमुळे बचत गटांच्या बायांच्या हातीही आता ही यंत्रं आली आहेत. त्याची पाती लहान मुलाच्या हाताएवढी लांब असतात आणि भरलेल्या टाकीसह वजन वीस किलोच्या पुढे जातं. तो उतरून पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळसुद्धा जायचं नाही. दुसरे रेसिंगचे एफपीव्ही ड्रोन, म्हणजे डोळ्यांवर पडद्याचा गॉगल लावून उडवायचे. ते एका जागी आपणहून स्थिर राहत नाहीत आणि त्यांच्या मोटरींचा वेग भयंकर असतो. तिसरा कार्बन फायबरची पाती लावलेला कोणताही ड्रोन. ती पाती वाकत नाहीत, कापतात. याउलट डीजेआय निओसारखे चारी बाजूंनी जाळी असलेले छोटे ड्रोन तळहातावर उतरण्यासाठीच केलेले आहेत. तिथे कंपनीने सांगितल्याप्रमाणे तळहात सपाट धरायचा. खाली सांगतो ती पकड त्यांच्यासाठी नाही.

आता तयारी. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. खळ्यावर उपणायला उभं राहणारा माणूस जसा आधी वारा बघतो, तसा चिमूटभर माती सोडून वारा बघा. पाठीमागून वारा असला की झुळूक आली तरी ड्रोन तुमच्यापासून लांब जातो, आणि धूळही डोळ्यांत येत नाही. चैत्र-वैशाखात भर दुपारी वावटळ कधी उठेल नेम नसतो, म्हणून त्या दिवसांत मी सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर उडवतो. दुपारचं काम घ्यावंच लागलं तर ताडपत्री.

डोळ्यांना पूर्ण झाकणारा प्लास्टिकचा चष्मा लावा. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. हातमोजा बोटांना घट्ट बसणारा, पातळ चामड्याचा किंवा न कापला जाणारा असावा. लोकरी मोजा नको, त्याचा धागा मोटरीत गुंतून बोट ओढलं जातं. वेल्डिंगचा जाड मोजाही नको, त्यात पकडीचा अंदाज येत नाही. गळ्यातला रुमाल, ओढणी, पदर, मोकळी वेणी, सगळं आधी खोचून घ्या. लग्नात खांद्यावरचं उपरणं काढून ठेवायचं, यजमानांनी कितीही मानाने घातलेलं असलं तरी. पोरांना दहा पावलांवर थांबवा आणि त्यांच्याजवळ एक मोठं माणूस उभं करा. पोरं नुसत्या सांगण्याने थांबत नाहीत.

बॅटरी 30 टक्क्यांच्या खाली जायच्या आत परत बोलवा. बॅटरी संपत आली की ड्रोन आपल्या मर्जीने खाली बसू लागतो. अशा घाईत धरायला गेलेला माणूस चुकतोच. आणि घरी परतण्याचं बटण दाबून आपोआप उतरणारा ड्रोन धरू नका. आधी ते रद्द करून ताबा स्वतःकडे घ्या. अडथळे ओळखणारे सेन्सर असतील तर धरण्याआधी सेटिंगमध्ये बंद करा, नाहीतर हात जवळ आला की तो मागे सरतो आणि आपला हात नकळत त्याच्यामागे जातो. त्यासाठी स्पोर्ट मोड, म्हणजे वेगाने उडवायची सेटिंग, लावू नका. त्यात सेन्सर बंद होतात खरे, पण रिमोटवरच्या स्टिकला (दांडीला) जरा धक्का लागला तरी ड्रोन उसळतो.

आता प्रत्यक्ष धरणं. ड्रोन समोर दोन-तीन मीटरवर, डोक्यापेक्षा थोडा उंच आणून थांबवा. कॅमेऱ्याचं तोंड तुमच्यापासून दूर, शेपटी तुमच्याकडे. असं ठेवलं की स्टिकच्या दिशा आणि तुमच्या दिशा एकच राहतात. मग दोन्ही अंगठे स्टिकवरून उचला आणि मनात दहा आकडे मोजा. एवढ्या वेळात तो तसूभरही सरकला नाही तरच पुढे. सरकत असेल तर धरायचा नाही. निंबाखाली, गल्लीत दोन माड्यांच्या मध्ये, पत्र्याच्या शेडला लागून किंवा संध्याकाळी कमी उजेडात तो हमखास सरकतो, कारण जीपीएस नीट मिळत नाही, पोटाखालच्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही आणि जवळच्या लोखंडाने होकायंत्र बिघडतं. गाडीच्या बॉनेटवरून उडवलेला ड्रोन हवेत गोल गोल फिरू लागतो, तेही यामुळेच. अशा वेळी मोकळ्या उजेडात जाऊन उतरवा.

स्थिर असेल तर तुम्ही त्याच्याकडे चालत जा. त्याला तोंडाकडे उडवत आणू नका. स्टिकवर बोट चुकलं तर तो थेट चेहऱ्यावर येतो. हात पूर्ण लांब करा, कोपर ताठ, चेहरा जरा मागे, पण नजर ड्रोनवरच. हात मागच्या बाजूने, पात्यांच्या पातळीच्या बराच खालून न्या. वरून कधीच नाही. तळहात पोटाखाली पसरू नका. अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून पोटाच्या खालच्या कडा धरा, भरलेला पेला धरतो तसं. बोटांची टोकं वर निघता कामा नयेत. पकड बसली की ड्रोन सपाट ठेवा, ओढू नका, आणि उंचीची स्टिक पूर्ण खाली दाबून धरा. बहुतेक ड्रोनमध्ये दोन-तीन सेकंदांत मोटरी थांबतात. ते दोन-तीन सेकंद फार लांब वाटतात. चारही पाती उभी दिसली की मगच हात खाली घ्या.

हात जवळ असताना ड्रोन हलला तर हात खाली आणि मागे. मला टाके पडले ते हात वर नेला म्हणून. ड्रोनच्या मागे हात न्यायचा नाही, तो पडला तरी पडू द्या.

एकट्याने हे जमतं, पण दोघे असलेले बरे. रिमोटवाला फक्त रिमोट बघतो, धरणारा फक्त ड्रोन. आमच्यात तीनच शब्द चालतात. भाचा विचारतो "मामा, धरू?", मी "धर" म्हणतो, आणि पकड बसली की तो "धरला" म्हणतो. "धरला" ऐकल्याशिवाय मी स्टिक खाली दाबत नाही. आधीच दाबली तर ड्रोन त्याच्या हातावर बसायला येतो. यातलं काहीही हवेत करण्याआधी आम्ही आठवडाभर ओसरीत बंद ड्रोनवर सराव केला. मी ड्रोन टांगून धरायचो आणि भाचा डोळे मिटून पकड शोधायचा.

मोटरी थांबल्याच नाहीत तर फेकू नका. हात ताठ ठेवून स्टिक खाली दाबून ठेवा. तातडीने मोटरी बंद करण्याची दोन्ही स्टिकची खूण बहुतेक ड्रोनच्या पुस्तिकेत असते, ती घरीच वाचून ठेवा. काही मॉडेल उलटं केल्यावर बंद होतात, सगळी होत नाहीत, त्यामुळे त्यावर भिस्त नको.

लागलंच, तर जखमेच्या आधी ड्रोन. मोटरी बंद आणि बॅटरी बाहेर, नाहीतर दुसरा माणूस जखमी होतो. मग बोटातली अंगठी काढा, सूज आली की ती निघत नाही. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, धुतलेला कपडा दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, चुना, चहाची पूड, तंबाखू काहीही भरू नका. डॉक्टरला टाके घालण्याआधी तेच उकरून काढावं लागतं. बोट वाकत नसेल, टोक बधिर झालं असेल किंवा रक्त थांबत नसेल तर त्याच वेळी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, घरचं औषध घालायचं नाही. स्वच्छ कागदी कप उलटा ठेवून, त्याच्या कडा डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवून पट्टीने बांधा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

बोटाला, फांदीला किंवा जमिनीला घासलेलं पातं पुन्हा वापरू नका. कडेवरून नख फिरवलं की बारीकशी खाचही जाणवते. अशा पात्याने ड्रोन थरथरतो, स्थिर राहत नाही, आणि पुढच्या वेळी धरताना तोच दगा देतो. मी असं पातं मधोमध मोडून फेकतो. डब्यात ठेवलं तर घाईच्या दिवशी कुणीतरी तेच परत लावतं.