मुलाचं बोट दारात सापडलं? या चुका टाळा

लहान मुलांची बोटं चेमटतात ती बहुतेकदा घरातल्याच दारात. मूल किंचाळतं, सगळे धावतात आणि कुणीतरी हळद नाहीतर कॉफी पावडर दाबून मोकळं होतं. कृपया हे करू नका. ती पावडर दवाखान्यात आधी धुऊन काढावी लागते आणि ते दुखणं पोराच्याच वाट्याला येतं. रक्त दाबाने थांबतं. स्वच्छ सुती कापड घट्ट धरा, हात वर उचलून ठेवा आणि दहा मिनिटं सोडू नका. थांबलं का म्हणून सारखं उघडून बघू नका. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर तर मुळीच आवळू नका.

सगळ्यात महागात पडते ती समजूत वेगळीच: ‘बोट हलतंय ना, मग मोडलं नाही.’ मोडलेलं बोटही हलतं! त्यात मुलांच्या हाडाला टोकाशी वाढीची पट्टी असते. नखाच्या मुळाशी रक्त आलंय आणि नख कातडीच्या घडीतून निसटून वर बसलंय, असं दिसलं तर खाली त्या पट्टीतूनच हाड मोडलेलं असू शकतं. जखम हाडापर्यंत उघडी असते, त्यामुळे जंतुसंसर्ग झाला तर बोटाची वाढ खुंटू शकते. एक्स-रे बाजूनेही काढायला सांगा; नुसत्या समोरच्या फोटोत हे सुटतं. सैल नख घरी ओढू नका.

मूठ वळल्यावर एक बोट शेजारच्यावर चढत असेल, तर हाड फिरलंय. मुलांची हाडं भराभर जुळतात, म्हणूनच ‘आठवडाभर बघू’ किंवा मालिश करून घेऊ, यात ती वाकडी जुळतात.

काच किंवा मांजाने कापलं तर जखम इवलीशी दिसते, पण आत टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी, बोट हलवणारी दोरी) तुटलेला असू शकतो. मूल झोपलं की हात बघा: बाकीची बोटं सैल वळलेली आणि एकच ताठ असेल, तर थांबू नका.

बोटाचा तुकडाच पडला तर तो थेट बर्फात टाकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. १०८ ला फोन करा. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत दूध-बिस्किट देऊ नका. धनुर्वाताच्या लसीसाठी लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.