गाडीचा जुना स्टिरिओ, ॲम्प, सबवूफर पडून आहे? नाशकात असा विका

नवी गाडी आली की तिच्यात कंपनीचाच टचस्क्रीन असतो, मग जुन्या गाडीतून काढलेला ॲम्प आणि बारा इंची वूफर माळ्यावर जातो आणि तिथेच राहतो. प्लीज तसं ठेवू नका. काही स्पीकरच्या कडेला फोमची रिंग असते, ती नुसती पडून राहिली तरी काही वर्षांत भुगा होते, आणि एकदा ती गेली की मॅग्नेट कितीही दणकट असू दे, कोणी भाव देत नाही.

घेणाऱ्याला एकच धाकधूक असते, हे चालतं का? म्हणून जाहिरात टाकायच्या आधी वाजवून बघा. स्पीकरला साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, टप्प आवाज आला पाहिजे आणि सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन (स्पीकरचा पुढचा पडदा) बाहेर यायला हवा. मग कोन बोटांनी दोन्ही बाजूंनी सारखा, हळूच दाबा, आत खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) घासतेय, ते जाहिरातीत लिहाच. मल्टिमीटर असेल तर 4 ओहमचा स्पीकर साधारण सव्वातीन ते पावणेचार दाखवतो, काहीच नाही दाखवलं तर कॉइल तुटलेली.

हेड युनिटसाठी, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओसाठी, 12 व्होल्टची बॅटरी लागते, गाडीची चालते. घरच्या इन्व्हर्टरची वापरणार असाल तर आधी इन्व्हर्टर बंद करून तारा सोडवा, आणि दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर तिथे 24 व्होल्ट असतात, युनिट जळेल, फक्त एकाच बॅटरीवर लावा. स्टँडर्ड हार्नेसमध्ये (स्टिरिओमागच्या वायरींच्या जुडग्यात) पिवळी आणि लाल वायर एकत्र प्लसला, काळी मायनसला, प्लसच्या वायरीत फ्यूज पाहिजेच. ॲम्प चालू होत नसेल तर लगेच बिघडला म्हणू नका, त्याच्या रिमोट टर्मिनललाही (चालू होण्याचा सिग्नल जिथे येतो तिथे) 12 व्होल्ट लागतात, हेड युनिटची निळी-पांढरी वायर तिथे जाते. वाजतानाचा छोटा व्हिडिओ काढा, दहा फोटोंपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर तुमचं गूगल अकाउंट आणि फोनबुक फुकटात दुसऱ्याकडे जाईल.

जाहिरातीत मॉडेल नंबरच्या स्टिकरचा क्लोजअप द्या, आणि वॉट लिहिताना आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी पॉवर, लिहा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या पॉवरचा, असतो, जाणकार माणूस तो बघून पुढे सरकतो. ओहम, वूफर सिंगल कॉइल की ड्युअल, स्टिरिओ सिंगल डिन की डबल (दुप्पट उंचीचा), आणि बॉक्सची लांबी-रुंदी-उंची हेही लिहा, कारण छोट्या गाडीच्या डिकीत तो बसतो का हाच पहिला फोन येतो. हार्नेस, रिमोट, ब्रॅकेट, बिल जे आहे ते सगळं एका फोटोत मांडा.

भावाचं म्हणाल तर फिटिंगचे पैसे विसरा, ते कोणी देत नाही. चांगल्या कंपनीचं, बिलासकट सामान असेल तर मी निम्म्यापासून बोलणं सुरू करेन, लोकल असेल तर त्याहून बरंच खाली. दुकानदार कमीच देणार, त्याला पुढे विकायचंय, पण झटपट सुटका हवी असेल तर तेही वाईट नाही. दसऱ्याच्या आधी टाका, गाडीची हौस तेव्हा जोरात असते. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, तिन्हीकडे टाका. वूफर जड असतो, कुरिअरच्या भानगडीत पडू नका, नाशिकरोड, सातपूर, सिडकोचा माणूस येऊन घेऊन जातो.

भेटायला घरी बोलवू नका, उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलसारखी वर्दळीची जागा ठरवा, गाडी घेऊन जा आणि तिथेच लावून दाखवा.

आणि पैशांचं नीट ऐका. सामान न बघताच "मी लष्करात आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर तिथेच कट करा. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना यूपीआय पिन. त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली तरच वूफर त्याच्या डिकीत ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.