स्मॉल होल गेजने लहान भोकाचा व्यास मोजण्याची पद्धत
साधारण ३ ते १३ मिलिमीटर व्यासाच्या भोकांसाठी स्मॉल होल गेज वापरतात. त्याच्या टोकाला मधोमध चिरलेला गोळा असतो. मुठीचा स्क्रू फिरवला की आतील निमुळता भाग सरकून गोळ्याचे दोन अर्धे फाकतात. उथळ, बंद तळाच्या भोकासाठी खालून सपाट असलेला गेज घ्यावा.

भोकाच्या कडेची बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत धार) काढून आतील कीस व तेल पुसावे. गेज आत घालून स्क्रू हळूहळू आवळत गेज किंचित डोलवावा आणि भिंतींचा हलका स्पर्श जाणवताच थांबावे. घट्ट अडकेपर्यंत आवळणे ही सर्वांत मोठी चूक होय.

गेजवर मापपट्टी नसल्यामुळे तो बाहेर काढून, चिरेला काटकोनात, गोळ्याच्या सर्वांत रुंद भागावर मायक्रोमीटरने (स्क्रूवर चालणाऱ्या अचूक मापयंत्राने) मोजावा लागतो. या वेळी मायक्रोमीटरचा स्पर्शही भोकात जाणवला होता तितकाच हलका असावा, कारण जास्त दाबाने दोन्ही अर्धे आत दबतात आणि माप कमी येते. हा स्पर्श हाताला कळावा म्हणून माहीत मापाच्या रिंग गेजवर (अचूक आतील व्यासाच्या कड्यावर) आधी सराव करावा, असा माझा आग्रह आहे.

भोक लंबगोल किंवा निमुळते आहे का, हे ठरवण्यासाठी परस्परांशी ९० अंशांत आणि वेगवेगळ्या खोलीवर मापे घ्यावीत.