आतड्याला सूज असताना फळं-भाज्या कशा खाव्यात

आधी निदान. शौचातून रक्त, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा विनाकारण घटणारं वजन असेल, तर आहाराचे प्रयोग राहू देत, डॉक्टर गाठा. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं (पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची रूपं निष्प्रभ करणारी) मदतीला असतात, औषधाच्या जागी नव्हे. चालू गोळ्या थांबवू नका.

त्रास भडकलेला असेल तोवर कच्च्या भाज्या, सालं आणि बिया बंद. गाजर किंवा लाल भोपळा सोलून चिरा, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात झाकण ठेवून शिजवा. फोड बोटाने दाबली की चुरडली पाहिजे. पाणी ओतून देऊ नका, बरीच द्रव्यं त्यातच उतरलेली असतात. त्याच पाण्यात भाजी घोटून गाळून घ्या. केशरी रंग मात्र तेलात विरघळणारा, म्हणून थोडं तेल हवंच. सुरुवात दोन-चार चमच्यांनी. सोसलं तर वाढवा.

त्रास निवळला की एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, दोन-तीन दिवस थांबा, वहीत नोंद ठेवा. आतडं अरुंद झालं असेल तर तंतुमय काहीही डॉक्टरांना विचारूनच.

हे सगळं कशासाठी? आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी एरवी तीन ते पाच दिवसांत बदलतात. सुजेत तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनची दाहक रूपं सोडतात आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल पडतात. पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा एक मोठा गट, रक्तात फार थोडी शोषली जातात. बहुतेक मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू ती फोडतात. डाळिंबातल्या पॉलिफेनॉलपासून यूरोलिथिन नावाचं द्रव्य तयार करणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. त्यामुळे दुसऱ्याला मानवलं ते तुम्हाला मानवेलच असं नाही.

हळदीबद्दल जरा स्पष्टच. तिच्यात करक्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, जेमतेम ३ टक्के. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराच्या) काही चाचण्यांत नेहमीच्या औषधासोबत रोज २ ते ३ ग्रॅम करक्युमिन दिलं होतं, म्हणजे सुमारे ७० ते १०० ग्रॅम हळद! चिमूटभर घाला, पण चवीसाठी. कॅप्सूल मनाने सुरू करू नका: यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी तिचं जमत नाही.

चहा प्यायचा तर जेवणानंतर तासाभराने. तो अन्नातलं लोह अडवतो, आणि या आजारात रक्त आधीच कमी असतं बऱ्याच जणांचं.