रोज अंगावर पिस्तूल बाळगायचं आहे? खान्देशात होणाऱ्या या चुका टाळा

आमचे नाना जळगावात सोन्याचा व्यवहार करायचे. शस्त्र परवाना हातात आल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि पहिल्याच मे महिन्यात ते कपाटात जाऊन पडलं. पातळ सदऱ्यातून त्याची काडतुसांची गोल फिरकी उठून दिसायची, पायजम्याच्या नाडीला वजन पेलायचं नाही आणि घामाने पोटाशी चट्टा उठायचा. हत्यार उत्तम होतं, पण नानांच्या अंगावर राहण्यासारखं नव्हतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी एवढंच ठरवा: ते कुठे, कशात आणि दिवसाचे किती तास राहणार? बहुतेक जण हा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर विचारतात.

हत्यार आधी, कपडे नंतर

झाकून बाळगणं ही आपल्याकडे हौस नाही, तो नियमच आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. कमरेला दिसेल असं लटकवून बाजारात फिरणं म्हणजे परवाना धोक्यात घालणं. तेव्हा तुमच्या रोजच्या कपड्यात जे झाकलं जात नाही, ते तुमच्यासाठी नाही.

भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे जाकीट घालून कोण फिरेल? बाहेर सोडलेला थोडा ढगळ शर्ट, जाड कातडी पट्टा आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर, एवढ्यात जे बसतं त्यातूनच निवडा. पिस्तूल चपटं असतं, ते अंगाला लागून बसतं. रिव्हॉल्व्हर वापरायला सोपं, पण फिरकीचा फुगवटा शर्टातून कळतो. नेहमीचा पट्टा आणि शर्ट घालूनच दुकानात जा. रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये लावून खाली बसा, वाका, मोटारसायकलवर टांग टाकता तसा पाय उचलून बघा. विक्रेत्याला काय वाटेल याचा संकोच नको.

होल्स्टरशिवाय नुसतं कमरेत खोचणारे बरेच आहेत. खड्ड्यात गाडी आदळली, हत्यार घसरलं, सावरायला हात गेला आणि बोट ट्रिगरवर पडलं, की गोळी सुटायला तेवढं पुरे. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकतो, ते नुसतं जमिनीवर पडूनही उडू शकतं. घेताना हे स्पष्ट विचारा. तसं असेल तर घोड्याखालचं घर, म्हणजे फिरकीतला काडतुसाचा खण, रिकामं ठेवा.

सगळ्यात हलकं तेच सगळ्यात चांगलं, हा समज

२०१४ मध्ये बाजारात आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सहा गोळ्यांचं, साधारण ५०० ग्रॅमचं. दिवसभर बाळगायला ते सोयीचंच आहे. पण हत्यार हलकं तितका हाताला झटका जास्त, आणि नळी आखूड तितका नेम चुकायला वाव जास्त. रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता नुसता ट्रिगर ओढायला चांगलीच ताकद लागते. रिकाम्या हत्याराने, सुरक्षित दिशेला रोखून, दहा वेळा ट्रिगर ओढून बघा. दहाव्या वेळी नळीचं टोक हलत असेल तर तुमच्या हाताला दुसरं काहीतरी हवं.

सिनेमा बघून 'नऊ एमएम द्या' म्हणणाऱ्यांसाठी एकच वाक्य: ते निषिद्ध बोअरमध्ये (सैन्य-पोलिसांसाठी राखलेल्या मापात) येतं, साध्या परवान्यावर मिळत नाही.

बत्तीस म्हणजे बत्तीस?

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. रिव्हॉल्व्हरही बत्तीस बोअर, पिस्तूलही बत्तीस बोअर. "नंबर तं एकच शे ना भाऊ!" असं म्हणून काका पुतण्याच्या डबीतली काडतुसं घेतात. काडतुसं मात्र वेगळी. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, त्याची केस (पितळी नळकांडी) २३ मिलिमीटरची आणि बुडाला ठळक कड असलेली. पिस्तुलाचं आखूड, केस १७ मिलिमीटरची आणि कड अगदी बारीक. लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (मुठीतल्या काडतुसांच्या कप्प्यात) बसतच नाही, त्यामुळे तिकडे चूक लगेच कळते. उलट बाजू घातक आहे. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात बऱ्याचदा बसतं आणि उडतंही, पण त्याचा दाब जास्त असतो. जुन्या, झिजलेल्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं नाही. शिवाय दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसं वापरणं हा वेगळा घोटाळा. घरात दोन्ही हत्यारं असतील तर डब्या वेगळ्या कपाटात ठेवा.

वरणगावला आयुध निर्माणी आहे म्हणून तिथून ओळखीने काडतुसं मिळतील, असंही काहींना वाटतं. ती निर्माणी सैन्यासाठी दारूगोळा बनवते. तुमची काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून घ्यायची.

हद्द ओलांडली आणि लक्षातच आलं नाही

पुण्याच्या माणसाला हा त्रास नाही, आपल्याला रोजचा आहे. रावेरचा केळीवाला बऱ्हाणपूरला जातो, शिरपूरचा कापूसवाला पळासनेर ओलांडून सेंधव्याला, नंदुरबारचा मिरचीवाला सुरतेला. नवापूरच्या रेल्वे स्थानकात तर फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. परवान्यावर 'महाराष्ट्र राज्य' एवढंच क्षेत्र असेल तर पलीकडे पाऊल टाकताच तुमचं कायदेशीर हत्यार बेकायदा होतं. आपला परवाना आज काढून ते क्षेत्र वाचा. धंदा पलीकडे असेल तर क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी कारणासह अर्ज करा, आणि मंजुरी येईपर्यंत हत्यार घरी ठेवा.

परवाना येईपर्यंत कट्टा

चोपडा तालुक्याच्या सीमेवरून, मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. तरी 'लायसन मिळेपर्यंत चालेल' म्हणणारी चांगल्या घरची पोरं मला भेटली आहेत. त्या नळीचं पोलाद कुठलं, ती किती दाब सोसेल, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ती हातातच फुटू शकते. आणि विनापरवाना हत्यारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. गुन्हा नोंदला की परवान्याचा अर्जही बुडालाच. भाऊ, नकोच ते.

घेतल्यानंतर येणाऱ्या अडचणी

गंज: घामातलं मीठ निळसर पोलादाला आठवड्यात डाग पाडतं. रात्री हत्यार रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. कातडी होल्स्टरमध्ये महिनोन् महिने साठवू नका, कातडं ओल धरतं.

रिव्हॉल्व्हरची फिरकी अडकते: बहुधा काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जळक्या दारूची किटणं साचलेली असतात. सगळी काडतुसं काढून बारीक ब्रशने साफ करा. ठोकाठोकी नको.

पिस्तूल मध्येच अडतं: मनगट सैल धरलं तरी असं होतं. मॅगझिनची स्प्रिंग थकली असेल किंवा तोंडाच्या कडा वाकल्या असतील, तरीही.

ट्रिगर ओढला आणि काहीच झालं नाही: लगेच उघडून बघू नका. नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, कारण काडतूस उशिराने उडू शकतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फाटते. हत्यार रिकामं करा, नळी मोकळी आहे का ते तपासा, शंका असेल तर विक्रेत्याकडे न्या.

लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा. परत घेताना तीच लागते.

नानांनी ते रिव्हॉल्व्हर पुढे परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकलं, परवान्यावरची नोंद बदलून घेतली आणि चपटं पिस्तूल घेतलं. या वेळी दुकानात जाताना त्यांनी पायजमा नव्हे, पट्ट्याची पँट घातली होती.